पाऊण माणूस

२८ मार्च २०२० ला दूरदर्शनवर 'रामायण' पुन्हा सुरू झालं. लॉकडाऊनचे पहिले दिवस. आमच्याकडे सकाळी नऊला सगळे टीव्हीसमोर. पाचेक मिनिटांनी मला जाणवलं की राम जाड दिसतोय, लक्ष्मणही जाड दिसतोय, आणि दशरथाचा मुकुट परातीएवढा रुंद झालाय. आमच्या टीव्हीचं सेटिंग 'फुल' वर होतं. ४:३ चं चित्र १६:९ च्या काचेवर ताणून बसवलेलं. मी रिमोट घेऊन ते ४:३ वर आणलं. माणसं माणसांसारखी झाली आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले. आजी लगेच म्हणाली, "टीव्ही लहान का केलास?"

मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. तिचं म्हणणं सरळ होतं: एवढ्या मोठ्या टीव्हीचे पैसे भरलेत, तर चित्र पूर्ण दिसलं पाहिजे. मत घेतलं गेलं. चार विरुद्ध एक. राम पुन्हा जाड झाला आणि दहा मिनिटांत मलाही तो जाड वाटेनासा झाला.

डोळ्यांचं हेच आहे. चुकीच्या आकाराला ते फार पटकन सरावतात. परका चेहरा असेल तर काही बिघडतही नाही. अरुण गोविल खऱ्या आयुष्यात किती रुंद आहेत, यावर आमच्या घरचं काहीच अवलंबून नव्हतं. पण चेहरा घरातला असेल तर? हा लेख त्याबद्दल आहे.

माझी मावशी इंग्लंडमध्ये स्लाउला राहते. गेल्या डिसेंबरात ती पुण्याला आली तेव्हा तिच्या बॅगेत सीडी ठेवायचं एक काळं पाकीट होतं, चेनचं. आत ३७ डीव्हीडी. प्रत्येकीवर काकांच्या अक्षरात मार्करने लिहिलेलं. 'ॲशेस २००५, ओव्हल'. 'जुने सिनेमे ३'. 'बातम्या + बागकाम'. काका म्हणजे तिचे यजमान. ते २००९ मध्ये गेले. "तू कॉम्प्युटरवाली आहेस, हे सगळं पेन ड्राइव्हवर करून दे," असं मावशीने सांगितलं. माझ्या लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नाही, म्हणून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागवला आणि कामाला लागले.

'बागकाम' लिहिलेल्या डिस्कवर चार मिनिटांचा एक तुकडा आहे. इंग्लंडमध्ये नगरपालिका लोकांना भाजीपाला लावायला जमिनीचे छोटे तुकडे वर्षाच्या भाड्याने देते, त्याला अलॉटमेंट म्हणतात. काकांचा तसा एक तुकडा होता आणि त्यात ते मेथी लावायचे. २००६ च्या उन्हाळ्यात एका स्थानिक कार्यक्रमाचे लोक तिथे आले आणि काकांनी त्यांना मेथी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. मागे मावशी जुड्या बांधत बसली आहे आणि माझी मावसबहीण, तेव्हा दोन वर्षांची, दोन्ही हातांत लाल चेंडू धरून कॅमेऱ्याकडे बघतेय. काकांचा बोलता-हलता एवढाच तुकडा शिल्लक आहे. कॅमकॉर्डर त्यांच्याकडे नव्हता.

मी तो लावला आणि मावशी उठून स्वयंपाकघरात गेली.

नंतर तिनेच सांगितलं. "दरवर्षी त्यांच्या तारखेला आम्ही दोघी हे लावतो. मला बघवत नाही गं. तेव्हाच दिसत होतं. गालफडं बसलेली, मान अशी काटकुळी. आणि मी मागे बसून मेथीच्या जुड्या बांधत होते." काकांना स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला होता. कळलं २००८ च्या शेवटी, आणि त्यानंतर ते काही महिनेच होते. मावशीच्या मनाने हिशोब मांडून ठेवला होता: माणूस २००६ मध्येच वाळत चालला होता, टीव्हीवर चक्क दिसत होतं, आणि मला दिसलं नाही.

मी काकांना लहानपणी दोनदा पाहिलंय. मला आठवतात ते गोल चेहऱ्याचे, खांद्यावर बसवलं की दोन माणसं मावतील असे. पण सात-आठ वर्षांच्या पोरीच्या आठवणीला पुरावा कोण म्हणणार? म्हणून तो तुकडा मी पुन्हा लावला, आवाज बंद करून. आणि काकांच्या ऐवजी मागच्या गोष्टी बघायला लागले. झारी उंच. फाटक उंच. पाण्याच्या पिंपाचं झाकण अंड्यासारखं. सगळं जगच वाळलेलं होतं.

इथे थोडं मागे जायला हवं, चित्राच्या आकाराच्या गोष्टीकडे.

४:३ हा आकार टीव्हीवाल्यांनी शोधलेला नाही. एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सनने १८९० च्या दशकात ३५ मिलीमीटरची फिल्म वापरली आणि प्रत्येक चौकटीला कडेची चार भोकं दिली, त्यातून साधारण हा आकार आला. पुढे टीव्ही आला आणि त्याने सिनेमाचाच आकार उचलला. मग टीव्ही घरोघरी गेला तसा सिनेमा घाबरला. लोकांना थिएटरात ओढायचं तर घरात मावणार नाही असं काहीतरी दाखवायला हवं, म्हणून १९५३ मध्ये हॉलिवूडने सिनेमास्कोप आणलं. आपल्याकडे गुरुदत्तनी १९५९ मध्ये 'कागज़ के फूल' सिनेमास्कोपमध्ये केला. आता एकीकडे चौकोनी टीव्ही आणि दुसरीकडे लांबच लांब सिनेमा. १९८० च्या दशकात अमेरिकेत कर्न्स पॉवर्स नावाच्या इंजिनिअरने त्या वेळी चालू असलेल्या सगळ्या आकारांचे, सारख्याच क्षेत्रफळाचे आयत कापले आणि मधोमध एकावर एक ठेवले. त्या सगळ्यांना पोटात घेणारा बाहेरचा आयत, आणि त्या सगळ्यांत सामाईक असलेला आतला आयत, या दोघांचंही प्रमाण जवळपास १६:९ आलं. म्हणजे १६:९ ही कोणाची आवड नव्हती, तो समझोता होता. आज तुमचा फोन आडवा धरल्यावर यूट्यूब ज्या आकारात दिसतं, तो हाच.

युरोपात हा रुंद आकार घरी पोचवताना एक अडचण होती. डिजिटल प्रसारणात चित्राच्या ५७६ ओळी ठरलेल्या होत्या आणि प्रत्येक ओळीत जास्तीत जास्त ७२० ठिपके. रुंद चित्रासाठी जास्त ठिपके मिळणार नव्हते. मग रुंद चित्र आडवं दाबून त्याच ७२० ठिपक्यांत भरायचं ठरलं. आपण प्रवासाला निघताना गादी गुंडाळून दोरीने आवळतो ना, तसं. सोबत एक चिठ्ठी पाठवायची: 'उघडल्यावर १६:९ इतकं पसरा'. टीव्हीने चिठ्ठी वाचायची आणि चित्र मोकळं करायचं. चिठ्ठी हरवली तर टीव्ही ते ४:३ समजून दाखवणार, आणि प्रत्येक गोष्टीची रुंदी पाऊण होणार. ४:३ ला १६:९ ने भागा, बरोबर पाऊण येतं.

ही चिठ्ठी केवढी असते? डीव्हीडीवरचं चित्र एमपेग-२ मध्ये असतं आणि त्याच्या मथळ्यात आकारासाठी चार बिट राखलेले असतात. तिथे २ लिहिलं तर ४:३, ३ लिहिलं तर १६:९. बायनरीत ००१० आणि ००११. फरक शेवटच्या एका बिटचा.

काकांच्या घरी ही चिठ्ठी कुठे हरवली, हे शोधायला मला दोन संध्याकाळी लागल्या. त्यांच्याकडे २००४ च्या सुमाराचा डिजिटल सेट टॉप बॉक्स होता, त्यातून स्कार्ट केबल डीव्हीडी रेकॉर्डरला आणि तिथून दुसरी स्कार्ट केबल टीव्हीला. स्कार्ट हा युरोपातला २१ पिनांचा जाडजूड कनेक्टर. त्यातली ८ नंबरची पिन आकाराची चिठ्ठी नेते, तीही व्होल्टेजने: साधारण ६ व्होल्ट म्हणजे १६:९, १२ व्होल्ट म्हणजे ४:३. थेट कार्यक्रम बघताना ही पिन टीव्हीपर्यंत पोचायची आणि टीव्ही आपोआप रुंद व्हायचा. प्रश्न रेकॉर्ड करताना यायचा.

त्याचं कारण डिस्क उघडल्यावर कळलं. चित्र ७२० ठिपक्यांचं नव्हतंच, ३५२ चं होतं. डीव्हीडी रेकॉर्डरला वेगवेगळे मोड असायचे. उत्तम दर्जा घेतला तर डिस्कवर एखाद-दोन तास बसतात. चार तास बसवायचे तर रेकॉर्डर बऱ्याचदा ओळीतले निम्मे ठिपके टाकून देतो. काकांच्या सगळ्या डिस्क चार तासांच्या मोडवर भरलेल्या. इंग्लंडला जाऊन वीस वर्षं झाली तरी एका डिस्कमध्ये चार तास बसत असताना दोनच तास भरायचे, हे त्यांच्या हातून होणारं नव्हतं. आणि डीव्हीडीच्या मानकात या निम्म्या रुंदीच्या चित्राला १६:९ ची चिठ्ठी लावायची सोयच नाही. तिथे फक्त ४:३ चालतं. रेकॉर्डरकडे ६ व्होल्टचा निरोप येत होता, पण तो लिहायला जागा नव्हती. त्याने ४:३ लिहून टाकलं.

मग त्या काळात त्यांना ते चुकीचं दिसलं कसं नाही? मी मावशीला विचारलं, "तेव्हा डिस्क लावल्यावर काका काय करायचे?" ती म्हणाली, "काय करायचे म्हणजे? लावायचे आणि रिमोटचं ते कुठलंतरी बटण दोनदा दाबायचे. ते दाबल्याशिवाय बसायचेच नाहीत."

ते बटण म्हणजे टीव्हीचं 'वाइड'. त्या घरात ती चिठ्ठी काकांच्या अंगठ्यात होती. त्यांना कारण माहीत असेल-नसेल, पण चित्र दाबलेलं दिसतंय आणि दोनदा दाबलं की नीट होतं, एवढं पुरेसं होतं. ते गेल्यावर दोन-तीन वर्षांनी जुना टीव्ही गेला, नवा सपाट आला. नव्या रिमोटवर ते बटण नव्हतं, आणि असतं तरी कोणाला दाबायचं माहीत होतं? नव्या टीव्हीने डिस्कवर लिहिलेलं ४:३ खरं मानलं आणि काकांना पाऊण करून दाखवायला सुरुवात केली. नेमकं तेव्हापासून, जेव्हा त्यांना दुसरीकडे कुठे बघून ताडता येणार नव्हतं. शेवटच्या महिन्यांतला खरोखर वाळलेला चेहरा आणि हा पडद्यावरचा चेहरा, दोन्ही मावशीच्या डोक्यात एकमेकांना चिकटले.

पण हे मला नुसतं सांगून चालणार नव्हतं. मावशीला पटायला हवं होतं, आणि त्याआधी मला. म्हणून मोजायचं ठरवलं.

आकार तपासायला गोल वस्तू लागते. तीही कुठलीही नाही. सायकलचं चाक किंवा पिंपाचं झाकण तिरकं असेल तर ते तसंही लंबगोल दिसतं, त्यावरून काही सिद्ध होत नाही. चेंडू मात्र कुठूनही बघा, गोलच. माझ्या मावसबहिणीच्या हातातला लाल चेंडू चौकटीच्या साधारण मधोमध होता आणि चार-पाच सेकंद अजिबात हलत नव्हता. एक चौकट थांबवून मी ठिपके मोजले. उंची ६४ ओळी. रुंदी २२ ठिपके. डिस्कवरचं ४:३ खरं धरलं तर ३५२ च्या चित्रातला प्रत्येक ठिपका उंचीच्या सुमारे २.१८ पट रुंद असतो, म्हणजे चेंडू ६४ उंच आणि ४८ रुंद. पाऊण. १६:९ धरलं तर ठिपका सुमारे २.९१ पट रुंद, म्हणजे चेंडू ६४ उंच आणि ६४ रुंद.

मी वहीत हा आकडा दोनदा काढला. आमच्या कामात एवढं सरळ उत्तर क्वचित मिळतं.

दुरुस्तीला त्यानंतर मिनिटभर लागला. चित्राला हात लावायची गरजच नव्हती. ते पूर्ण होतं, फक्त आवळलेलं. एफएफएमपेग नावाच्या मोफत साधनाने तोच डेटा जसाच्या तसा एमकेव्ही फाइलमध्ये ठेवला आणि त्या फाइलवर 'दाखवताना १६:९' लिहिलं. एकही ठिपका पुन्हा एन्कोड केला नाही. फोनवर पाठवायला मात्र वेगळी प्रत केली, कारण फोनवरून फोनवर जाता जाता अशा चिठ्ठ्या पुन्हा हरवू शकतात. त्यात इंटरलेस काढून चित्र खरोखरच १०२४ बाय ५७६ इतकं पसरवून टाकलं. म्हणजे चिठ्ठीची गरजच नको.

मावशीला दाखवताना मी आधी काकांना नाही, चेंडू दाखवला. थांबवलेली चौकट, डावीकडे जुनी, उजवीकडे नवी. "यातला चेंडू कुठला?" तिने उजवीकडे बोट केलं. मग तिने डावीकडच्या पोरीकडे बघितलं आणि म्हणाली, "ही पण बारीक दिसतेय. ही तर लाडूसारखी होती." मग मी तुकडा चालू केला.

काका रुंद खांद्यांचे निघाले. गाल भरलेले. मेथीची जुडी वर धरून इंग्रजीत 'फेन्युग्रीक' म्हणताना हनुवटीखाली दुसरी हनुवटी. मावशी चार मिनिटं काही बोलली नाही. संपल्यावर म्हणाली, "पोट सुटलं होतं की त्यांचं. मी ओरडायचे त्यावरून." आणि तिने तो पुन्हा लावायला सांगितला.

एक गोष्ट मला स्पष्ट ठेवायची आहे. चित्र नीट झाल्याने काय सिद्ध होतं? एवढंच, की त्या दिवशी काका वाळलेले नव्हते. आजार कधी सुरू झाला, आधी कळला असता का, याचं उत्तर कुठल्याही बिटमध्ये नाही आणि मी तसं मावशीला म्हटलंही नाही. पण ती सोळा वर्षं ज्या पुराव्यावर स्वतःला दोषी ठरवत होती, तो पुरावा खोटा होता. तेवढं काढून टाकता आलं.

मावसबहिणीची गोष्ट वेगळी. ती आता एकवीस वर्षांची आहे. वडील गेले तेव्हा पाच वर्षांचीही नव्हती. तिला मी फोनवर नवी प्रत पाठवली. तासाभराने तिचा कॉल आला. "ताई, हे बरोबर आहे हे मला कळतंय. चेंडूचं गणितही कळलं. पण हे बाबा वाटत नाहीयेत." तिच्यासाठी बाबा म्हणजे तो उंच, शिडशिडीत माणूस. लहानपणी ती शाळेत चित्रं काढायची त्यात बाबा काडीसारखे बारीक असायचे. आई म्हणेल ते तिला माहीत होतं, घरात फोटोही होते. पण फोटोतला माणूस बोलत नाही. बोलणारा एकच होता, आणि तो बारीक होता.

मला यावर काय बोलावं सुचलं नाही. मी तिला जुनी प्रतही पाठवली. डिस्कची मूळ इमेज मी तशीही जपून ठेवलीच होती. काही दिवसांनी तिने लिहिलं की ती नवी प्रत आवाज आधी ऐकून, मग डोळे उघडून बघते. आवाज तर तोच आहे. त्याला कोणी दाबलं नव्हतं.

उरलेल्या डिस्कचं काम अजून चालू आहे. ३७ पैकी तीन वाचल्याच जात नाहीत, दोन अर्ध्यावर अडकतात. सगळ्या एकदम १६:९ करून टाकता येत नाहीत, कारण एकाच डिस्कवर दोन्ही प्रकार आहेत. ॲशेस रुंद आहे, पण जुने सिनेमे खरोखर ४:३ आहेत. ते ताणले तर राज कपूरचं आमच्या रामासारखं होईल. काळे पट्टे ओळखणारी स्क्रिप्ट मी लिहिली, ती बरीच मदत करते. पण पट्टे नसलेल्या चित्रात माणूस जाड आहे की ताणलेला, बारीक आहे की दाबलेला, हे स्क्रिप्टला ठरवता येत नाही. तिने तो माणूस कधी पाहिलेला नसतो.

तुमच्याही घरात कपाटाच्या वरच्या खणात लग्नाच्या, मुंजीच्या डीव्हीडी पडल्या असतील. त्या कधी काढाल तेव्हा चित्र 'फुल' करायच्या आधी एखादी गोल गोष्ट शोधा. फुगा, चेंडू, ताटातला लाडू. ती गोल दिसत नसेल तर सेटिंग बदलून बघा. मूळ डिस्कची प्रत आधी करा, दुरुस्ती नंतर. आणि हे लवकर करा. डिस्कवरचा रंगाचा थर उतरतो म्हणून, आणि तो माणूस असाच दिसायचा का, हे सांगणारं कोणीतरी अजून घरात आहे म्हणून.